१६९४ सालचं लाकडी प्रार्थनाघर अजून उभं आहे. ते कसं टिकलं, कोणाला माहीत आहे का?

काळीची_लेक (ता. तिवसा, जि. अमरावती)

नमस्कार मंडळी. मी अंगणवाडीत काम करते. इतिहास शिकलेली नाही, पण एक गोष्ट नीट समजून घ्यायची आहे आणि वेळ थोडा आहे.

आमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळाचं प्रार्थना मंदिर आहे. मातीच्या भिंती, सागाचे खांब, वर कवेलू, म्हणजे कौलं. आत मूर्ती नाही, फक्त अधिष्ठान. पहाटे ध्यान, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. माझ्या सासऱ्यांनी तुकडोजी महाराजांचं भजन समोर बसून ऐकलेलं. कोणता खांब कोणाच्या बैलगाडीतून आला हे ते नावानिशी सांगायचे. ते आता नाहीत. मागची भिंत फुगली आहे आणि पावसाळ्यात गळतं.

गावचेच एक गृहस्थ मुंबईला असतात. त्यांनी सगळा खर्च उचलतो म्हणून निरोप पाठवला आहे: जुनं पाडायचं, स्लॅब टाकायचा, टाइल्स लावायच्या, वर शिखर चढवायचं. त्यांच्या मनात गावाबद्दल प्रेमच आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण शिखर आणि टाइल्सनी त्या जागेचं काय होईल, याची मला काळजी वाटते. पोळ्यानंतर मंडळाची बैठक आहे.

मोबाईलवर एक छोटा व्हिडिओ पाहिला. अमेरिकेत न्यूयॉर्कमध्ये फ्लशिंग नावाच्या ठिकाणी क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं १६९४ सालचं लाकडी प्रार्थनाघर आहे. त्यात मूर्ती नाही, पुजारी नाही, वर कळस नाही, आणि लोक अजून तिथेच बसतात. दोन मिनिटांत व्हिडिओ संपला. ते कोणी बांधलं? मध्ये कधी पाडापाडी झाली का? इतकं साधं घर सव्वातीनशे वर्षं राहिलं, ते कशामुळे? बैठकीत बोलायचं तर खरं माहीत असलेलं बोलावं, म्हणून विचारते.

---

निवृत्त_शिक्षिका (आर्वी)

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि जेवण बाजूला ठेवून लिहायला बसले. मी त्या घरात बसून आले आहे. माझी लेक न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहते. तिच्याकडे गेले होते तेव्हा सात नंबरच्या गाडीनं शेवटच्या स्टेशनावर, फ्लशिंगला, उतरलो. बाहेर सगळी चिनी आणि कोरियन दुकानं, भाजीच्या टोपल्या फुटपाथपर्यंत आलेल्या, आपल्या आठवडी बाजारासारखी रेटारेटी. तिथून थोडं चाललं की नॉर्दर्न बुलेव्हार्ड नावाच्या मोठ्या, गोंगाटाच्या रस्त्याला ते घर लागतं. घराची पाठ रस्त्याकडे आहे आणि तोंड दक्षिणेला, बागेकडे. मला तर आधी ते कोणाचं तरी जुनं गोदाम वाटलं असतं. उतरतं चौपाखी छप्पर, लाकडी फळकुटांची भिंत. आत ओकच्या जाड तुळया उघड्या दिसतात, कुऱ्हाडीनं ताशीव. रंग न दिलेले बाक. बस्स.

पण तुम्ही "कोणी बांधलं" विचारलंत, तर मी १६९४ पासून सुरू करणार नाही. त्या घराची गोष्ट ३७ वर्षं आधी सुरू होते, आणि मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो भाग तोच आहे.

तेव्हा न्यूयॉर्क हे नावच नव्हतं. तो मुलूख डच लोकांचा, न्यू नेदरलँड. गव्हर्नर पीटर स्टायव्हेसंट, कडक माणूस. त्याला आपल्या मुलखात डच रिफॉर्म्ड चर्च सोडून दुसऱ्या कोणाची उघड उपासना नको होती. फ्लशिंग हे त्याच मुलखातलं गाव, पण राहणारे बहुतेक इंग्रज. १६४५ च्या सनदेत त्यांना हॉलंडच्या रीतीप्रमाणे सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य लिहून दिलेलं होतं. ही सनद लक्षात ठेवा.

१६५७ मध्ये इंग्लंडहून क्वेकर प्रचारक जहाजानं तिथे आले. क्वेकर म्हणजे जॉर्ज फॉक्सच्या शिकवणीतून १७ व्या शतकात इंग्लंडमध्ये निघालेले लोक. देवाचा उजेड प्रत्येकाच्या आत आहे, मग मध्ये पुरोहित कशाला, असं त्यांचं म्हणणं. शपथ घ्यायची नाही, मोठ्या माणसासमोर टोपी काढायची नाही, शस्त्र धरायचं नाही. राज्यकर्त्यांना हे आवडण्यासारखं नव्हतंच. आलेल्यांपैकी रॉबर्ट हॉजसन नावाच्या तरुणाला पकडून निर्दयपणे फटके मारले. मग हुकूम निघाला की क्वेकरला घरात आसरा देईल त्याला दंड.

त्यावर २७ डिसेंबर १६५७ ला फ्लशिंगच्या ३० जणांनी गव्हर्नरला अर्ज लिहिला. हा हुकूम आम्ही पाळू शकत नाही, आमच्या दारी कोणी चांगल्या भावनेनं आलं तर आम्ही त्याच्यावर हात उचलणार नाही, मग तो कोणत्याही पंथाचा असो, असा त्याचा मतलब. ज्यू आणि तुर्कांपर्यंतचा उल्लेख त्यात आहे. काहींनी सही येत नव्हती म्हणून नुसती खूण केली. आणि ताई, त्या तिसातला एकही जण क्वेकर नव्हता. शेजारी होते ते. शेजाऱ्यांसाठी त्यांनी अंगावर घेतलं. अर्ज लिहिणारा गावचा कारकून एडवर्ड हार्ट तुरुंगात गेला. तो गव्हर्नरकडे नेणारा गावचा अधिकारी टोबायस फीक याची नोकरी गेली.

तो कागद अजून आहे. न्यूयॉर्क राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीला, १९११ मध्ये सरकारी इमारतीला आग लागली त्यात त्याच्या कडा जळाल्या, पण मजकूर वाचला. १९५७ मध्ये, तीनशे वर्षं झाली म्हणून, अमेरिकेनं त्याच्या आठवणीसाठी तीन सेंटचं टपाल तिकीट काढलं होतं.

पुढचा माणूस जॉन बाऊन. याच्या बायकोला, हॅनाला, क्वेकरांचा विचार आधी पटला, मग याला. तोपर्यंत ते लोक रानात चोरून जमायचे. बाऊननं स्वतःच्या घरात बसायला जागा दिली. ते घर १६६१ च्या सुमाराचं, तेही अजून जवळच उभं आहे. १६६२ मध्ये त्याला अटक झाली. दंड भर म्हणाले, भरत नाही म्हणाला. बरेच महिने कोंडून ठेवलं आणि शेवटी जहाजावर घालून देशाबाहेर काढलं. बायकापोरं मागे. तो आयर्लंडला उतरला, तिथून मजल दरमजल अॅमस्टरडॅमला पोचला आणि ज्या डच वेस्ट इंडिया कंपनीचा तो सगळा मुलूख होता तिच्याच संचालकांपुढे उभा राहिला. हातात काय, तर १६४५ ची ती सनद. कंपनीनं १६६३ मध्ये स्टायव्हेसंटला लिहिलं की लोकांच्या सदसद्विवेकावर जबरदस्ती करू नका, शेजाऱ्याला त्रास देत नाहीत आणि सरकारला विरोध करत नाहीत तोवर त्यांना राहू द्या. कंपनीला धर्माचा उमाळा आला होता असं मी म्हणणार नाही. वसाहतीत माणसं हवी होती, जाच झाला तर येणार कोण, हा हिशेबही होताच. तरी बाऊन घरी परतला, १६६४ मध्ये. त्याच वर्षी इंग्रजांनी तो मुलूख डचांकडून घेतला.

१६७२ मध्ये स्वतः जॉर्ज फॉक्स फ्लशिंगला आला. लोक इतके जमले की बाऊनच्या घरात मावले नाहीत, तेव्हा समोरच्या ओकच्या झाडांखाली सभा झाली.

आणि मग १६९४. बाऊन आणि बाकीच्यांनी ते घर बांधलं. पुढच्याच वर्षी बाऊन वारला. म्हणजे तीन दशकांहून जास्त काळ ही माणसं रानात, कोणाच्या ओसरीवर, झाडाखाली, तुरुंगात बसत होती. बसायची सवय आधी पक्की झाली, छप्पर नंतर आलं. तुमच्या "कशामुळे टिकलं" याचं माझं उत्तर हे आहे.

पाडापाडीचं: १७१० च्या दशकात घर वाढवलं, कारण माणसं वाढली. १७७६ ते १७८३ या स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिश फौजेनं ते ताब्यात घेतलं. कधी कैदी कोंडले, कधी गवत भरलं, कधी दवाखाना केला. युद्ध संपलं, फौज गेली, लोक परत आले आणि पूर्वीसारखे बसू लागले.

त्यांची उपासना तुम्हाला अनोळखी वाटणार नाही. रविवारी येतात, बसतात. तासभर. कोणी सांगत नाही, गात नाही. आतून बोलावंसं वाटलं तर कोणीही उभं राहतं, बाई असो की माणूस, दोन वाक्यं बोलतं आणि बसतं. मी बसले होते तेव्हा एकच म्हातारे गृहस्थ उठले. शेवटी शेजारच्याशी हात मिळवला की सभा संपली. दरवर्षी मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी लाखो माणसं जागच्या जागी स्तब्ध होतात, त्यात मी लहानपणापासून उभी राहिले आहे. त्यामुळे लेकीला वाटलं आई कंटाळेल, पण मला तर घरी आल्यासारखं झालं.

---

सागवान_सुतार (धामणगाव)

ताई, इतिहास बाईंनी सांगतला. मी लाकडाचं सांगतो, माह्या बापाचा बी हाच धंदा होता.

त्या जमान्यातले हे तिकडचे घरं खिळ्यावर उभे नसत. एका लाकडाले भोक, दुसऱ्याले जीभ, जीभ भोकात बसवाची आन आरपार लाकडाची खुंटी ठोकाची. असा सांधा हवेसंगं थोडा हालते, पन सुटत नाई. आपल्या जुन्या घरात बी हेच हाय. तुमच्या मंदिराचे खांब असेच जोडले असतीन, पाहून घ्या.

भिंत फुगली म्हून घर गेलं असं कोनी म्हनत असन तर त्याले थांबवा. अशा घरात लय ठिकानी छताचा भार खांबावर अन मयालीवर, म्हंजे आडव्या तुळईवर, राह्यते, मातीची भिंत नुसती आडोसा. तसं असन तर टेकू देऊन तेवढी भिंत उतरवून नवी उचलता येते. पाह्याची गोष्ट एकच, खांबाचे बूड. तिथं ओल लागते आन उधई, म्हंजे वाळवी, चढते. सुरी घेऊन बुडाशी टोचून पाहा. सुरी लोन्यासारखी आत गेली तर तेवढा हात-दीड हात तुकडा कापाचा, नवा सागाचा तुकडा सांध्यानं जोडाचा आन खाली दगड द्याचा, लाकूड मातीले टेकू द्याचं नाई. अख्खा खांब बदलाची गरज नसते. गळते तिथले कवेलू चाळून घ्या आन खालच्या बत्त्या सडल्या असन तर बदला. जुना साग आता पैसे देऊन बी भेटत नाई. एकदा पाडलं की ते लाकूड कोनाच्या तरी बंगल्यात सोफा होऊन बसन, मी असे लय पाह्यले.

---

काळीची_लेक

बाई, दादा, दोघांचे खूप आभार. दादा, आज सुरी घेऊन गेले होते. सहा खांबांत एकाचंच बूड मऊ लागलं. बाकी टणक आहेत.

बाई, एक विचारायचं राहिलं. आमच्याकडे आता दोन तट पडले आहेत आणि तरुण मुलं म्हणतात मतदान घ्या, विषय संपवा. त्यांची बाजूही मला कळते: पावसात म्हाताऱ्या बायांना बसायला कोरडी जागा नाही, लग्नाकार्याला हॉल नाही. क्वेकर लोक असं काही ठरवायचं असेल तर काय करतात? पुजारी नाही, महंत नाही, मग शेवटचा शब्द कोणाचा?

---

निवृत्त_शिक्षिका (आर्वी)

मतदान घेतच नाहीत. बैठकीला एक लेखनिक असतो. तो सगळ्यांचं ऐकतो, मध्ये मध्ये सगळे गप्प बसतात, आणि सभेचा कल कुठे जातोय असं त्याला वाटलं की तो तिथल्या तिथे ठराव लिहून वाचून दाखवतो. सर्वांना मान्य झाला तर वहीत गेला. एखाद्याला मनापासून पटत नसेल तर विषय पुढच्या महिन्यात. पूर्वी बायांची कामकाजाची सभा वेगळी भरायची, म्हणून बऱ्याच जुन्या घरांत मधोमध सरकत्या फळ्यांचा पडदा दिसतो. त्या काळात बाया स्वतःची सभा स्वतः चालवत, हिशेब ठेवत, ही मोठी गोष्ट होती.

पण या पद्धतीचं मी नुसतं कौतुक करणार नाही, कारण तिनं एक फार मोठा अन्याय लांबवला. या लोकांकडे गुलाम होते. होय, तुरुंगात गेलेल्या, आतल्या उजेडावर बोलणाऱ्या याच पंथातल्या अनेकांकडे. १६८८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनच्या चार जणांनी लेखी निषेध केला की माणूस विकणं हे पाप आहे. वरच्या सभांनी तो कागद एकीकडून दुसरीकडे सरकवला आणि ठेवून दिला. मग न्यू जर्सीचा जॉन वूलमन नावाचा शिंपीकाम करणारा माणूस आला. तो गावोगाव पायी जायचा, गुलाम असलेल्या घरी मुक्काम केला तर गुलामांच्या कामाचे पैसे त्यांच्या हातात ठेवायचा, शेवटी शेवटी रंग न दिलेले कपडे घालायचा. भांडण केलं नाही, पण पाठपुरावा सोडला नाही. १७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेनं गुलाम ठेवणाऱ्या सभासदांना घरी जाऊन समजावायला माणसं नेमली आणि १७७६ मध्ये गुलाम ठेवण्यालाच बंदी केली. निषेधापासून बंदीपर्यंत ८८ वर्षं! ज्यांना विकलं जात होतं त्यांना कोणी विचारलं होतं का, थांबायला चालेल का म्हणून? सगळ्यांचं एकमत होईपर्यंत थांबणं हे ज्याचं काही बिघडत नाही त्यालाच परवडतं, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून तुमच्या म्हाताऱ्या बायांची ओल आधी मिटवा. त्याला एकमताची वाट पाहू नका. कवेलू चाळायला कोण नाही म्हणणार? पाडायचं की नाही, त्याला मात्र हवा तितका वेळ घ्या. घर पाडल्यावर तो निर्णय मागे घेता येत नाही.

हॉलबद्दल एक दाखला देते. मेरीलँडमध्ये ईस्टन गावी क्वेकरांचं थर्ड हेवन नावाचं प्रार्थनाघर आहे, १६८२ ते १६८४ मध्ये बांधलेलं, फ्लशिंगहूनही जुनं. थंडीत तिथे बसणं कठीण. त्या लोकांनी १८८० मध्ये त्याच आवारात विटांचं दुसरं घर बांधलं. हिवाळ्यात नव्या घरात, बाकी दिवसांत जुन्यात. मुंबईच्या त्या गृहस्थांना हे कळवून पाहा. तुमच्या आवारात जागा असेल तर त्यांचा पैसा नव्या हॉलला लागेल, त्यांचं नावही होईल आणि सागाच्या खांबांना हात लावायची वेळ येणार नाही.

---

वर्धेकर

थोडी भर घालतो. क्वेकर म्हणजे फार लांबचे लोक असं समजू नका, ते आपल्या वर्ध्यात येऊन राहिले आहेत. मार्जोरी साइक्स या इंग्रज क्वेकर बाई शिक्षिका म्हणून भारतात आल्या, शांतिनिकेतनात राहिल्या आणि १९५० च्या दशकात सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणपद्धतीचे शिक्षक घडवत होत्या. त्या भारताच्या नागरिकही झाल्या. मार्च १९३० मध्ये दांडीयात्रेच्या आधी गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनला जे पत्र लिहिलं, ते घेऊन जाणारा रेजिनाल्ड रेनॉल्ड्स हा तरुणही क्वेकर. पत्र मुद्दाम एका इंग्रजाच्या हाती दिलं होतं.

बैठकीत कोणी म्हणालं की शिखराशिवाय देवाचं घर कसं, तर त्यांना सेवाग्रामला घेऊन या. तिथल्या प्रार्थनेच्या जागेला शिखर तर सोडाच, छप्परसुद्धा नाही. उघडं आवार, एक पिंपळ. रोज प्रार्थना होते.

---

काळीची_लेक

काल बैठक झाली. सगळं ठरलं असं नाही. पण बाईंचा मेरीलँडचा दाखला मी सांगितला आणि मुंबईच्या भाऊंना फोन लावला. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, आवाराची मापं पाठवा. कवेलू चाळायचं मात्र कोणीच अडवलं नाही, परवापासून काम सुरू. मऊ खांबासाठी सागवान दादांना वेगळा मेसेज केला आहे, दादा, पाहा.

एका गोष्टीवर मी अडून बसले. बाईंनी इतक्या तारखा सांगितल्या, त्या लोकांनी वह्या ठेवल्या म्हणूनच ना त्या आपल्यापर्यंत आल्या? आमच्या मंडळाची जुनी वही कोणाकडेच नाही. म्हणून नवी आणली. कोणता खांब कोणाच्या गाडीतून आला हे आता गावात दोनच जणांना आठवतं, त्यातले एक नव्वदीचे आहेत. उद्या दुपारी त्यांच्याकडे वही घेऊन जाते. आणखी काय काय विचारून लिहून घ्यावं, ते बाई, आज रात्रीपर्यंत सुचवाल का?

---

निवृत्त_शिक्षिका (आर्वी)

लाकूड कोणत्या रानातलं, सुतार कोण, पहिली प्रार्थना कोणत्या दिवशी, आत कोण कोण बसायचं. कोणाला आत यायला कधी अडवलं होतं का, हेही विचारा, आणि उत्तर काहीही आलं तरी जसंच्या तसं लिहा. बायांची नावं वेगळी विचारा, नाहीतर ती राहून जातात. आणि घरच्यांना मोबाईलवर त्यांचा आवाज धरून ठेवायला सांगा.